अलास्काला निघालेल्या कुटुंबाच्या गळ्यात मारलेली पुरातली आरव्ही

टेक्सासमधला संसार आवरून आम्ही अलास्कातील फेअरबँक्सला राहायला गेलो, आणि त्या प्रवासासाठी घेतलेली जुनी आरव्ही (स्वयंपाकाची आणि झोपायची सोय असलेली, फिरत्या घरासारखी गाडी) आमच्या गळ्यात खोटे सांगून मारण्यात आली. ती गाडी पुरात बुडालेली होती, विमा कंपनीने ती निकामी ठरवून लिलावात काढलेली होती, आणि विकणाऱ्याने हे सारे पद्धतशीरपणे झाकून ठेवले होते. पैशांचे नुकसान मोठेच झाले. पण निर्जन आणि थंड भागात, बंद गाडीत झोपलेल्या मुलांच्या आणि सासूबाईंच्या जिवाशी खेळ झाला, ही गोष्ट मला अधिक गंभीर वाटते. अशाच लांबच्या स्थलांतराच्या तयारीत असलेल्या कुटुंबांना उपयोग व्हावा, म्हणून घडले तसे लिहीत आहे.

ह्यूस्टन ते फेअरबँक्स हे अंतर ४,००० मैलांहून अधिक आहे. सासूबाईंना मधुमेह आहे, त्यांच्या इन्सुलिनच्या न उघडलेल्या पेनांना २ ते ८ अंश सेल्सिअस तापमान सतत लागते, घरात शाकाहारी जेवण आणि सोबत कुत्रा. रोज नवे हॉटेल शोधण्यापेक्षा स्वयंपाकाचा ओटा, फ्रीज आणि झोपायची जागा बरोबर असलेली गाडी बरी, असा विचार आम्ही केला. अलास्कात सोडून देता येईल अशी भाड्याची आरव्ही फार महाग पडते. त्यामुळे जुनी आरव्ही विकत घ्यायची, तिच्यातून उत्तरेला जायचे आणि तिकडे पोहोचल्यावर ती विकून टाकायची, हा मार्ग अनेक कुटुंबे घेतात, तसा आम्हीही घेतला.

विकणाऱ्याने जाहिरातीत स्वतःला निवृत्त गृहस्थ म्हणून सादर केले होते. गाडी फोर्ड ई-४५० सांगाड्यावर बांधलेली, दिसायला स्वच्छ, आणि किंमत बाजारभावापेक्षा थोडीच कमी होती. फार स्वस्त असती तर संशय आला असता, आणि हे त्यालाही कळत होते. पहिल्या फोनवर त्याने आम्हाला दोनच प्रश्न विचारले: कुठे जाणार आणि कधी निघणार. त्या वेळी ती आपुलकीची चौकशी वाटली. आज त्याच्या व्यवहाराकडे पाहिले की स्पष्ट दिसते, त्याला नेमके असेच गिऱ्हाईक हवे होते, जे काही आठवड्यांत राज्यच नव्हे तर देशाचे दुसरे टोक गाठेल, ज्याच्या घराचा करार संपत आला आहे, ज्याची नोकरीवर रुजू व्हायची तारीख ठरलेली आहे आणि जे गाडी बिघडली तरी तक्रार घेऊन दारात उभे राहू शकणार नाही. दूर उत्तरेला जाणाऱ्या माणसाचे अंतर हेच अशा ठगाचे संरक्षण असते. गावातल्या गावात विकलेली खराब गाडी परत येते. अलास्काला गेलेली येत नाही.

इसार घेतल्यावर त्याने कागद दाखवले. मालकीपत्र, ज्याला तिकडे सगळे टायटल म्हणतात, टेक्सासचेच होते आणि गाडी बुडाल्याचा किंवा निकामी ठरल्याचा कोणताही शेरा त्यावर नव्हता. मात्र त्यावर नाव दुसऱ्याच व्यक्तीचे होते आणि मागच्या बाजूला त्या व्यक्तीची सही आधीच करून ठेवलेली होती. ही गाडी मेव्हण्याची, तो परदेशी गेला आहे, मी फक्त त्याच्या वतीने विकतो आहे, असे त्याने सांगितले. मालकीपत्र स्वतःच्या नावावर न करता गाडी अशी पुढे सरकवणे हा टेक्सासमध्ये गुन्हा आहे. परवाना नसलेल्या माणसाला तिथे वर्षाला फार तर चार गाड्या विकता येतात, आणि त्याही स्वतःच्या नावावर असलेल्या. त्याहून अधिक विकायच्या असतील तर गाड्यांच्या व्यापाऱ्याचा (डीलरचा) परवाना लागतो. खाजगी मालक असल्याचा आव आणून गाड्यांचा धंदा करणारे हे लोक मालकीपत्रावर आपले नाव येऊच देत नाहीत, म्हणजे पुढे त्यांचा माग काढणे अवघड होते.

दुसरा कागद गाडीच्या इतिहासाचा छापील अहवाल होता. त्यावर आमच्या गाडीचाच सतरा अक्षरी क्रमांक होता आणि अपघात, पूर, चोरी या सगळ्या रकान्यांत काहीही नोंद नव्हती. अहवाल बनावट नव्हता, खराच होता. फक्त तो गाडी बुडण्याच्या आधी काढलेला होता आणि छायाप्रत घेताना तारखेची वरची ओळ कापून टाकलेली होती. हे आम्हाला पुढे मूळ अहवालाशी ताडून पाहिल्यावर समजले. इतक्या बारकाईने केलेली लबाडी एखाद्या गाडीपुरती केली जात नाही, असे माझे ठाम मत आहे.

गाडी दाखवतानाही त्याने सगळे विचारपूर्वक मांडले होते. जमिनीवरचे विनाइल नवे, गाद्यांची कव्हरे नवी, आत सुगंधी फवारा मारलेला. फ्रीज आदल्या दिवसापासून घराच्या विजेवर लावून गार करून ठेवला होता. जनरेटर सुरू केला, वातानुकूलन चालवून दाखवले, दिवे, पंप, शेगडी सगळे दाखवले. हीटर मात्र त्याने लावला नाही, कारण बाहेर टेक्सासचा उन्हाळा सुरू झाला होता आणि ‘एवढ्या उकाड्यात हीटर कशाला लावायचा’ हे त्याचे म्हणणे सहज पटण्यासारखे होते. शेवटी ‘जशी आहे तशी’ विकली, असा मजकूर असलेल्या कागदावर दोन्ही बाजूंच्या सह्या झाल्या.

कोलोरॅडो, वायोमिंग, मोंटाना इथवरचा प्रवास ठीक झाला, कारण आम्ही बहुतेक रात्री विजेची जोडणी असलेल्या तळांवर थांबलो. या फ्रीजना वीज नसेल तर प्रोपेन गॅसवर चालता येते. मोंटानात एका साध्या तळावर पहिल्यांदा गॅसवर लावायची वेळ आली तेव्हा तो काही वेळ चालून बंद पडला. इन्सुलिन आम्ही बर्फाच्या पेटीत हलवले, पण त्यातही काळजी असते, कारण इन्सुलिन गोठले तर ते वाया जाते. त्यामुळे पेने कापडात गुंडाळून, बर्फाला थेट लागणार नाहीत अशी ठेवून, सासूबाई दर काही तासांनी थर्मामीटर पाहत राहिल्या. फ्रीज जुना आहे, बिघडला असेल, इतकेच तेव्हा वाटले.

स्वीटग्रासला कॅनडाची सीमा ओलांडून कॅल्गरी, एडमंटन करत आम्ही डॉसन क्रीकला पोहोचलो. इथून अलास्का महामार्ग सुरू होतो. १९४२ मध्ये युद्धाच्या निकडीने अमेरिकी लष्कराने बांधलेला हा रस्ता आज डांबरी असला, तरी गावे एकमेकांपासून फार लांब आहेत आणि मोठ्या पट्ट्यांत मोबाइलला सिग्नलच मिळत नाही. फोर्ट नेल्सनच्या पुढे समिट लेक हा या महामार्गावरचा सर्वांत उंच भाग लागतो, उंची सुमारे ४,२५० फूट. जून उजाडला होता तरी तिथे बर्फ पडत होते, आणि त्या रात्री आम्ही हीटर पहिल्यांदा रात्रभरासाठी लावला.

मध्यरात्रीनंतर कार्बन मोनॉक्साइडचा भोंगा वाजला. हा वायू दिसत नाही, त्याला वास नाही, आणि झोपलेला माणूस जागा न होता दगावतो. निघण्यापूर्वी माझ्या पतींनी गाडीतला मुदत संपलेला भोंगा काढून नवा बसवला होता, म्हणून आज आम्ही सगळे आहोत. दारे-खिडक्या उघडून, मुलांना आणि सासूबाईंना पांघरुणांसह बाहेर काढून, गॅसची टाकी बंद करून आम्ही उजाडायची वाट पाहिली आणि सकाळी मागे वळून फोर्ट नेल्सन गाठले.

तिथल्या मेकॅनिकने हीटरचे झाकण काढले आणि आम्हाला जवळ बोलावले. आत तळाशी वाळलेल्या चिखलाचा थर होता. जळालेला धूर आणि खोलीतली हवा वेगळी ठेवणारी पत्र्याची पेटी गंजून तिला भोके पडली होती. झाकणाच्या आतल्या बाजूला कंपनीची पट्टी होती, तिच्यावर स्पष्ट लिहिले होते की उपकरणाचा कोणताही भाग पाण्याखाली गेला असेल तर ते वापरू नये. मग त्याने चालकाचा सीटबेल्ट शेवटपर्यंत ओढून काढला. नेहमी गुंडाळलेल्या भागावर मातकट पाण्याची रेघ उमटलेली होती. सीटखालचे बोल्ट गंजलेले, जमिनीखालच्या तारांच्या जोडण्यांवर हिरवट थर, आणि फ्रीजच्या गॅसच्या सर्किटवरही तोच. सगळ्या खुणा गुडघ्याच्या उंचीपर्यंत होत्या, त्याच्या वर गाडी निर्दोष होती. त्याने ब्रेक आणि चाकांचे बेअरिंग तपासल्याखेरीज पुढे जाऊ नका असे बजावले, कारण युकॉनमध्ये डिस्ट्रक्शन बे ते बीव्हर क्रीक या टप्प्यात रस्त्याखालची गोठलेली जमीन वितळून-फुगून रस्त्याला मोठे उंचवटे आणते आणि तिथे गाडीची खरी परीक्षा होते. हीटरचा सुटा भाग एडमंटनहून येईपर्यंत आम्ही तिथेच थांबलो. त्या भल्या माणसाने तपासणीचे पैसे घेतले नाहीत, फक्त दुरुस्तीचे घेतले.

तिथून आम्ही गाडीच्या क्रमांकाचा नवा अहवाल स्वतः काढला. २०२१ च्या ऑगस्टमध्ये लुईझियानाला आयडा चक्रीवादळाचा तडाखा बसला, त्यात ही गाडी बुडाली होती आणि विम्याच्या दाव्यानंतर तिच्यावर पुराचा शेरा बसला होता. नंतर ती तिसऱ्याच राज्यात नोंदवली गेली, तिथे शेरा न चढलेले मालकीपत्र निघाले, आणि त्या कागदावरून टेक्सासमध्ये स्वच्छ मालकीपत्र मिळाले. अमेरिकेत प्रत्येक राज्य आपले मालकीपत्र स्वतः देते आणि कोणता शेरा कसा लिहायचा याचे नियमही वेगवेगळे आहेत. या फटीतून गाडी दोन राज्ये फिरवून शेरा धुऊन काढण्याचा धंदा चालतो. म्हणून हातातला स्वच्छ कागद गाडीच्या आजच्या राज्याबद्दल सांगतो, तिच्या आयुष्याबद्दल नाही.

यावर उपाय म्हणून १९९२ च्या वाहनचोरीविरोधी कायद्यातून एनएमव्हीटीआयएस नावाची देशव्यापी नोंद उभी राहिली आहे. विमा कंपन्या आणि भंगारवाले निकामी ठरलेल्या गाड्यांची माहिती तिथे देण्यास बांधील आहेत, आणि मान्यताप्राप्त पुरवठादाराकडून काही डॉलरांत अहवाल मिळतो. विमा क्षेत्राच्या एनआयसीबी या संस्थेची व्हिनचेक ही तपासणी तर मोफत आहे. अहवाल विकणाऱ्याच्या हातून घेऊ नका. काचेतून दिसणारा डॅशबोर्डवरचा क्रमांक, दाराच्या चौकटीवरचा क्रमांक आणि मालकीपत्रावरचा क्रमांक जुळवून पाहा आणि मग स्वतः, त्याच दिवशी अहवाल काढा. टेक्सासमध्ये मालकी हस्तांतर काउंटीच्या करकार्यालयात होते. पैसे तिथेच, खिडकीसमोर, मालकीपत्रावर ज्याचे नाव आहे त्याच माणसाच्या हातात द्या. खरा मालक यायला तयार होतो. आमच्या विक्रेत्याला ही अट घातली असती तर व्यवहार तिथेच मोडला असता, याबद्दल मला शंका नाही.

आरव्हीच्या बाबतीत कायद्याचा आधारही तोकडा आहे. व्यापाऱ्याने जुन्या गाडीवर खरेदीदारासाठी माहितीपत्रक लावावे हा केंद्रीय नियम ८,५०० पौंडांपेक्षा कमी वजनमर्यादेच्या गाड्यांसाठी आहे. ई-४५० वरच्या मोटरहोम त्यात बसत नाहीत. त्यामुळे स्वतंत्र, प्रमाणित आरव्ही तपासनीसाला पैसे देऊन गाडी दाखवणे आवश्यक ठरते, आणि बाहेर कितीही ऊन असले तरी हीटर अर्धा तास चालवून, फ्रीज विजेवर नव्हे तर गॅसवर लावून पाहायला हवा. ज्या विक्रेत्याला तपासनीस नको असतो, त्याची गाडी आपल्यालाही नको.

फेअरबँक्सला नोंदणी करताना पुराचा शेरा मालकीपत्रावर परत चढला. त्यामुळे ती विकून पैसे सोडवायचा बेत मोडला. विमा कंपनीने खर्च नाकारला, कारण दोष विमा घेण्याआधीचा होता. ‘जशी आहे तशी’ या कागदाला घाबरून अनेक जण तक्रारच करत नाहीत, पण विकणाऱ्याने जाणूनबुजून दोष लपवला असेल तर ते शब्द त्याला वाचवत नाहीत, ही टेक्सासच्या न्यायालयांची भूमिका आहे, आणि २०,००० डॉलरांपर्यंतचा दावा तिथल्या जस्टिस कोर्टात, म्हणजे लहान दाव्यांच्या न्यायालयात, वकिलाशिवायही लावता येतो. आम्ही राज्याच्या वाहन विभागाकडे आणि महाधिवक्त्यांच्या ग्राहक संरक्षण शाखेकडे तक्रार दिली आहे. सोबत जाहिरातीची प्रत, त्याचे सगळे संदेश, कापलेला आणि मूळ असे दोन्ही अहवाल, मेकॅनिकची सही असलेली टिपणी आणि सीटबेल्टची छायाचित्रे जोडली आहेत. त्याने दिलेला पत्ता खोटा निघाला, तरी पैसे ज्या खात्यात वटले ते खाते खरे आहे, आणि चौकशी सध्या त्या खात्यावरून पुढे सरकते आहे.