पेबल बीच: सातव्या होलनं पार घाम काढला

लातूरच्या माणसाला समुद्राचं आधीच नवल, त्यात भाच्यानं कॅलिफोर्नियात नेऊन थेट पेबल बीचच्या गोल्फ मैदानावर खेळवलं. 1919 चा कोर्स, यूएस ओपन ही गोल्फची मोठी स्पर्धा कितीदा झालेली इथं. सातवा होल, म्हंजे बॉल मारायच्या जागेपासून भोकापर्यंतचा टप्पा, जेमतेम 106 यार्ड, तोबी उताराचा, म्हणलं डाव्या हातानं मारतो, पण समोरून वारा असला सुटला की वेजनं (जवळच्या फटक्याच्या काठीनं) मारलेला बॉल हवेतच थबकला अन् गेला खडकात. ग्रीन, म्हंजे भोकाभोवतीची हिरवळ, तर आमच्या खळ्याएवढी! आठव्याला दुसरा शॉट कड्यावरून खाडीपलीकडं मारायचा, माझे पाय लटपटायलेत अन् भाचा म्हणतो मामा खाली नका बघू. अठराव्याला डाव्या अंगाला सगळा समुद्रच, 543 यार्डाचा पार फाइव्ह (पाच फटक्यांत पुरा करायचा), तिथं अजून दोन बॉल वाहिले. खिसा लई रिकामा होतो. जमलं तर सकाळचाच टाइम घ्या, वारा जरा कमी असतो.