मौंजारो क्विकपेन: भूक आवरते, बाकीचं आपल्याकडे

मौंजारो क्विकपेन म्हणजे वजन उतरवण्याच्या इंजेक्शनचा पेन. भूक आवरण्याचं काम तो चोख करतो, त्यात वाद नाही. यातल्या तिर्झेपेटाइड या औषधाच्या २०२२मध्ये प्रसिद्ध झालेल्या चाचणीत १५ मिग्रॅ डोसवर ७२ आठवड्यांत सरासरी २०.९ टक्के वजन उतरलं, ५ मिग्रॅवर १५ टक्के. पुढच्या एका चाचणीत ३६ आठवड्यांनंतर ज्यांचं औषध थांबवलं, त्यांचं वजन वर्षभरात सरासरी १४ टक्के परत चढलं. तेव्हा लग्नसराईपुरतं चार महिने घ्यायचा बेत असेल तर पैसे वाचवा. भारतात ऑगस्ट २०२५मध्ये आला तेव्हा २.५ मिग्रॅचा पेनच १४,००० रुपयांना होता, आणि डोसाबरोबर किंमतही चढते.

एका पेनात चार डोस, आठवड्याला एक. सुई दर वेळी नवी. आधी बटण दोन क्लिक फिरवून थोडं औषध हवेत सोडायचं. मग पेनवरच्या खिडकीत १ दिसेपर्यंत फिरवायचं, मांडीत किंवा बेंबीपासून दोन इंच सोडून पोटात टोचायचं आणि बटण दाबून धरून सावकाश पाच अंक मोजायचे. नेमकी इथेच घाई होते आणि औषध बाहेर ओघळतं. सुई लावलेलाच पेन ठेवला तर तो गळतो, आत हवा शिरते. चार डोसांनंतर तळाशी उरलेलं औषध पाहून पुणेरी जीव हळहळेल, पण ते टाकायचंच असतं.

न वापरलेला पेन २ ते ८ अंशांत ठेवावा. गोठला तर बाद. वापरात आलेला ३० अंशांखाली ३० दिवस चालतो, पण एप्रिलमध्ये पुण्यातलं घर तेवढं थंड राहत नाही, त्यामुळे तोही फ्रिजमध्येच. भर दुपारी लक्ष्मी रोडवरून आणायचा तर औषधवाल्याकडून आइसपॅक मागून घ्या.

सुरुवात २.५ने, चार आठवड्यांनी ५. पुढची वाढ डॉक्टरांनी ठरवायची, वजनकाट्याने नाही. पोट सावकाश रिकामं होत असल्याने सकाळची तर्रीवाली मिसळ संध्याकाळपर्यंत करपट ढेकरा देते. निम्मं ताट, कमी तेल, भरपूर पाणी, एवढ्यावर बहुतेकांची मळमळ आटोक्यात येते.

खरी गोम स्नायूंची. उतरलेल्या वजनातला साधारण पाव वाटा चरबीचा नसतो. भूकच नाही म्हणून चहा-खारीवर दिवस ढकलणाऱ्यांचे स्नायू जास्त झडतात, आणि औषध सुटल्यावर परत येते ती मुख्यतः चरबी. मूत्रपिंडं ठीक असतील तर ८० किलोच्या माणसाला रोज ८० ते ९५ ग्रॅम प्रथिनं हवीत: ५० ग्रॅम कोरड्या सोयाचंक्समधून २५, चार अंड्यांतून २४, ५० ग्रॅम बेसनाच्या पिठल्यातून जेमतेम १०. पोहे या हिशेबात धरूच नका. पर्वतीच्या १०३ पायऱ्या पायांना ठीक. पाठ-खांद्यांसाठी आठवड्यातून दोनदा तरी वजनं उचलावीच लागतात.

घरात मेड्युलरी थायरॉइड कॅन्सर असेल किंवा गर्भधारणेचा विचार असेल तर हा पेन नकोच. गर्भनिरोधक गोळ्यांचा परिणाम यामुळे घटतो. सुरुवातीला आणि प्रत्येक डोसवाढीनंतर चार आठवडे निरोध वापरा. वरच्या पोटात सुरू होऊन पाठीत जाणारी, न थांबणारी कळ आली तर पुढचा डोस न घेता थेट हॉस्पिटल गाठा.