रिपोर्ट खरा होता, चूर्ण वेगळं होतं

संधिवातावरचं 'शंभर टक्के वनस्पतीजन्य, प्रयोगशाळेत तपासलेलं' म्हणून माझ्या आईला जे चूर्ण विकलं, त्यात डेक्सामेथासोन निघालं. हे स्टेरॉइड आहे. कुठल्याही झाडपाल्यात ते नसतं, कोणीतरी ते मिसळावंच लागतं. सविस्तर लिहितेय, कारण आम्हाला फसवायला जो कागद वापरला तो बनावट नव्हता, आणि तसलाच कागद तुम्हालाही दाखवला जाऊ शकतो.

याची सुरक्षितता कोणी तपासली आहे का, हे मी पहिल्याच फोनवर विचारलं होतं. विक्रेत्याने लगेच रिपोर्टचा फोटो पाठवला. "ताई, उंदरांवर चाचणी झालीय, एकही दगावला नाही. आणि या वनस्पती आपले पूर्वज पिढ्यान्‌पिढ्या घेत आलेत." फोटोत प्रयोगशाळेचा शिक्का होता, सही होती आणि ठळक अक्षरांत निष्कर्ष होता: एलडी-50 (ज्या मात्रेला निम्मे प्राणी मरतात ती मात्रा) शरीराच्या दर किलो वजनामागे 2000 मिलिग्रॅमपेक्षा जास्त.

आराम झपाट्याने पडला. आईचे सांधे मोकळे झाले, भूक वाढली. मग हळूहळू चेहरा गोल दिसायला लागला, जरा कुठे धक्का लागला की दंडावर काळेनिळे डाग, आणि कधी नव्हे ती रक्तातली साखर वाढलेली. डॉक्टरांनी चेहरा बघताच विचारलं, "कुठलं चूर्ण वगैरे घेताय का?" सकाळचं कॉर्टिसॉल, म्हणजे शरीर स्वतः बनवतं ते स्टेरॉइड, तपासलं तर फारच कमी. बाहेरून स्टेरॉइड मिळत राहिलं की शरीर स्वतःचं बनवणं बंद करत जातं. मग चूर्णच तपासायला दिलं आणि खरं काय ते कळलं.

त्या डॉक्टरांच्या ओळखीतल्या औषधशास्त्राच्या एका प्राध्यापिकेसमोर मी तो रिपोर्ट ठेवला. त्यांचं बोट आधी नमुन्याच्या नावावर गेलं. तिथे लिहिलं होतं, 'मुळांचा जलीय अर्क', तोही एकाच वनस्पतीचा. आमच्या डब्यावर वनस्पतींची लांबलचक यादी, आणि आत अर्क नव्हे तर सरसकट पूड. बॅच क्रमांकाची जागा कोरी. अगदी तळाशी बारीक अक्षरांत 'निष्कर्ष फक्त आणून दिलेल्या नमुन्यापुरते', ही ओळ फोटोत अर्धीच आली होती. प्रयोगशाळेने आपलं काम सरळ केलं होतं. लबाडी झाली ती तो कागद दुसऱ्याच डब्याला चिकटवण्यात.

समजा, नमुना आमच्याच चूर्णाचा असता, तरी त्या आकड्याने फार काही सिद्ध झालं नसतं. ही एका मात्रेची चाचणी. प्राण्यांना एकदाच मोठी मात्रा देतात, 14 दिवस लक्ष ठेवतात आणि किती मेले ते मोजतात. माणूस मात्र असलं चूर्ण महिनोन्‌महिने घेतो. त्यासाठी 28 आणि 90 दिवसांच्या चाचण्या वेगळ्या असतात, ज्यांत रोज मात्रा देऊन रक्त तपासतात आणि शेवटी यकृत, मूत्रपिंड सूक्ष्मदर्शकाखाली पाहतात. पेशींतल्या जनुकांना इजा होते का, हे पाहायला जिवाणूंवरची एम्स चाचणी असते. यातलं काहीच त्या कागदावर नव्हतं. शिसं, पारा, आर्सेनिक यांचाही उल्लेख नव्हता. वनौषधींत शिशाची मर्यादा जागतिक आरोग्य संघटनेने किलोमागे 10 मिलिग्रॅम सुचवलेली आहे, म्हणजे मोजायला आकडा तयार आहे, मोजणारा हवा.

पूर्वजांचा दाखला तर मला आता सहनच होत नाही. उलटी, चक्कर, जुलाब हे पूर्वजांना नक्की कळत होतं आणि त्या ज्ञानाला मोल आहे. पण आज घेतलेल्या मुळीने काही वर्षांनी मूत्रपिंड बिघडलं, तर दोन्हींची सांगड कोण घालणार? बेल्जियममध्ये 1990 च्या दशकात वजन कमी करण्याच्या उपचारात स्टेफानिया टेट्रँड्रा या चिनी वनस्पतीऐवजी चुकून ॲरिस्टोलोकिया फांगची गेली. पन्नाशीच्या आतल्या बायकांची मूत्रपिंडं निकामी होऊ लागली. 1993 मध्ये हे वैद्यकीय नियतकालिकात आलं, पुढे रुग्णांची संख्या शंभरावर गेली आणि काहींना मूत्रमार्गाचा कर्करोग झाला. म्हणूनच वनस्पतीची ओळख पटवणं ही पहिली चाचणी. पूर्ण शास्त्रीय नाव, झाडाचा कुठला भाग, आणि अस्सल नमुन्याशी जुळणारा रासायनिक ठसा. ही पायरीच चुकली, तर पुढचे सगळे आकडे भलत्याच झाडाचे.

तेव्हा कोणी रिपोर्ट दाखवला, तर संपूर्ण मागा, सगळ्या पानांसकट, आणि त्यावरचा बॅच क्रमांक डब्याशी ताडून पाहा. रिपोर्ट क्रमांक देऊन प्रयोगशाळेला थेट विचारा. आम्ही विचारलं, तेव्हा त्यांनी रिपोर्ट आपलाच असल्याचं मान्य केलं आणि स्टेरॉइडसाठी तपासणी कोणी मागितलीच नव्हती, हेही सांगितलं. सांधेदुखी, दमा, त्वचारोग यांवरचं 'वनस्पतीजन्य' औषध काही दिवसांतच जादूसारखं लागू पडलं, तर स्टेरॉइडचा संशय आधी घ्या.

आम्ही औषध नियंत्रण विभागाकडे तक्रार केली आहे. विक्रेता आता फोन उचलत नाही. आईला डॉक्टर मोजून स्टेरॉइड देताहेत आणि मात्रा टप्प्याटप्प्याने उतरवताहेत. घरात कोणी असं चूर्ण बरेच दिवस घेत असेल, तर घाबरून एका दिवसात बंद करू नका, स्टेरॉइड अचानक तुटलं तर रक्तदाब कोसळून जिवावर बेतू शकतं. त्याच दिवशी डॉक्टरांकडे जा, आणि उरलेलं चूर्ण, डबा, लेबल, पावती, यातलं काहीही फेकू नका.