ड्रेस्डेन की लाइपझिग? सॅक्सनीसाठी दोनच दिवस असतील तर

बर्लिन बघून झालंय, परतीच्या विमानाआधी किंवा प्रागला जाता जाता दोन दिवस मोकळे आहेत आणि एखादं जुनं जर्मन शहर निवांत बघायचंय, अशा वेळी ड्रेस्डेन आणि लाइपझिग ही दोन नावं हमखास समोर येतात. दोन्ही सॅक्सनी राज्यातली, दोन्ही पूर्वीच्या पूर्व जर्मनीतली. मधलं अंतर रेल्वेनं साधारण सव्वा ते दीड तासाचं. त्यामुळे बरेच जण एक दिवस इकडे आणि एक दिवस तिकडे असा बेत आखतात. माझं स्पष्ट मत आहे की तसं करू नये. ड्रेस्डेनची संग्रहालयं एका दिवसात उरकता येत नाहीत, आणि लाइपझिगला घाईघाईनं गेलं तर ‘बरं होतं शहर’ यापलीकडे हाती काही लागत नाही.

निवड करताना मी सर्वांत आधी कॅलेंडर बघायला सांगेन. ड्रेस्डेनमध्ये जे बघायचं ते जागच्या जागी असतं, कधीही जा. लाइपझिगमधल्या सर्वांत मोलाच्या गोष्टी मात्र ठरावीक वारी, ठरावीक वेळी घडतात. तुमच्या दोन दिवसांत शुक्रवार किंवा शनिवार येत असेल तर लाइपझिगचं पारडं जड होतं. मंगळवार-बुधवार असतील तर ड्रेस्डेनला जा.

ड्रेस्डेन: एका राजाचा हव्यास

आज आपण बघतो त्या ड्रेस्डेनवर ऑगस्टस द स्ट्राँग या राजाचा ठसा आहे. १६७० ते १७३३ हा त्याचा काळ. सॅक्सनीचा सत्ताधीश, पुढे पोलंडचाही राजा, आणि सुंदर वस्तू जमवण्याचं अक्षरशः वेड असलेला माणूस. चिनी मातीच्या भांड्यांपायी त्यानं १७१७ मध्ये आपले ६०० घोडेस्वार सैनिक प्रशियाच्या राजाला देऊन टाकले आणि बदल्यात १५१ भांडी घेतली. त्यांतले मोठे निळे-पांढरे रांजण आजही त्स्विंगर राजवाड्यातल्या पोर्सिलिनच्या दालनात आहेत. ते बघताना त्या सहाशे माणसांची आठवण होते आणि दालनाच्या झगमगाटाकडे वेगळ्या नजरेनं बघितलं जातं.

पण मराठी माणसानं ड्रेस्डेनला जावं ते मुख्यतः एका वस्तूसाठी, असं मी म्हणेन. त्स्विंगरहून वेगळा असा राजांचा मुख्य राजवाडा आहे, त्याच्या वरच्या मजल्यावर नवं ग्रीन व्हॉल्ट, म्हणजे राजखजिन्याचं संग्रहालय आहे. तिथे काचेमागे सोनं, चांदी, मिनाकारी आणि हजारो हिऱ्यांनी घडवलेला एक अख्खा दरबार मांडलेला आहे: औरंगजेबाच्या वाढदिवसाचा सोहळा. मधे उंच सिंहासनावर बादशहा, समोर नजराणे घेऊन आलेले सरदार, हत्ती, उंट, पालख्या, शंभराहून जास्त इवल्या इवल्या आकृती. योहान मेल्खिओर डिंगलिंगर या सोनारानं आपल्या भावांच्या मदतीनं १७०१ ते १७०८ या काळात हा दरबार घडवला. तो भारतात कधी आला नव्हता. प्रवाशांनी लिहून ठेवलेल्या वर्णनांवरून त्यानं हे सारं उभं केलं, त्यामुळे कल्पनेची सरमिसळ भरपूर आहे.

आता ती वर्षं पुन्हा वाचा. डिंगलिंगर हा सोन्याचा बादशहा घडवत होता तेव्हा खरा बादशहा इथे सह्याद्रीत होता. पन्हाळा, विशाळगड, सिंहगड असे एकेक किल्ले घेण्यात त्याची म्हातारपणाची वर्षं जात होती, आणि ताराबाईंच्या फौजा ते किल्ले परत जिंकत होत्या. १७०७ मध्ये अहमदनगरजवळ, म्हणजे आताच्या अहिल्यानगरजवळ, तो वारला आणि खुलदाबादला साध्या कबरीत त्याचं दफन झालं. ड्रेस्डेनमधलं काम पुरं झालं ते त्यानंतरच्या वर्षी. युरोपातल्या राजाला हेवा वाटावा असं ज्याचं वैभव, त्याचं शेवटी काय झालं हे आपल्याला शाळेपासून माहीत असतं. त्या काचेपुढे उभं राहिल्यावर हे माहीत असणं फार उपयोगी पडतं. बाकी पर्यटक हिरे बघून पुढे सरकतात, आपण तिथे सहज अर्धा तास थांबू शकतो.

त्याच संग्रहात ‘ड्रेस्डेन ग्रीन’ हा सुमारे ४१ कॅरटचा नैसर्गिक हिरवा हिरा आहे. तोही भारतातून तिकडे गेला असं मानलं जातं. खालच्या मजल्यावरचं ऐतिहासिक ग्रीन व्हॉल्ट वेगळं, त्याचं तिकीट वेगळं, आणि त्यावर आत शिरण्याची वेळ छापलेली असते. नोव्हेंबर २०१९ मध्ये चोरी झाली ती इथे. चोरीला गेलेले बरेचसे दागिने डिसेंबर २०२२ मध्ये परत मिळाले. एकाच तिकिटाचा खर्च परवडणार असेल तर मी वरचं नवं व्हॉल्ट निवडेन. ऐतिहासिक दालनं आरसे आणि सोन्यानं डोळे दिपवतात, पण एकेका वस्तूपाशी थांबून बघण्याचं समाधान वरच जास्त मिळतं.

त्स्विंगरच्या एका अंगाला चित्रांचं दालन आहे. राफाएलचं ‘सिस्टाइन मॅडोना’ इथलंच, आणि त्याच्या तळाशी हनुवटीला हात टेकून बसलेली ती दोन पंखवाली बाळंही. ती बाळं आपण शुभेच्छापत्रांवर इतकी बघितलेली असतात की मूळ चित्र केवढं मोठं आहे याचा अंदाजच नसतो. व्हर्मिअरचं खिडकीपाशी पत्र वाचणाऱ्या मुलीचं चित्रही चुकवू नका. तिच्या मागची भिंत कित्येक पिढ्यांनी कोरी बघितली. त्या रंगाखाली कामदेवाचं चित्र झाकलेलं होतं, ते वरचा थर खरवडून २०२१ मध्ये पुन्हा सर्वांसमोर आलं. त्यामुळे ते पत्र प्रेमाचं असणार, हे आता चित्रच सांगतं.

जळालेलं आणि पुन्हा बांधलेलं

ड्रेस्डेनबद्दल एक आक्षेप नेहमी ऐकू येतो: ‘हे सगळं नवं बांधलंय, जुनं काय आहे?’ आक्षेपात तथ्य आहे. १३ ते १५ फेब्रुवारी १९४५ या तीन दिवसांत ब्रिटिश आणि अमेरिकी विमानांनी शहराचा मध्यभाग जाळून टाकला. नाझींनी मृतांचा आकडा प्रचंड फुगवून सांगितला होता. पुढे इतिहासकारांच्या समितीनं सगळी कागदपत्रं तपासून तो जास्तीत जास्त २५,००० असल्याचं २०१० मध्ये जाहीर केलं. फ्राउएनकिर्शे या चर्चचा घुमट १५ फेब्रुवारीला कोसळला. पूर्व जर्मनीच्या काळात तो ढिगारा युद्धाचं स्मारक म्हणून तसाच राहिला. १९९४ मध्ये पुनर्बांधणी सुरू झाली आणि ३० ऑक्टोबर २००५ रोजी चर्च पुन्हा उघडलं.

मला स्वतःला ही पुनर्बांधणी खोटी वाटत नाही, कारण तिनं जखम लपवलेली नाही. बाहेरून बघितलं की फिकट भिंतीत मधेमधे काळे दगड दिसतात. ते ढिगाऱ्यातून काढलेले जुने दगड, शक्य तिथे मूळ जागी बसवलेले. इथला वालुकाश्म हवेत राहून काळा पडत जातो, म्हणजे आणखी काही पिढ्यांनी हा फरक दिसणारही नाही. आपण तो बघू शकणाऱ्या पिढीत आहोत. घुमटावरचा सोनेरी क्रूस ब्रिटनमधून भेट आला. तो घडवणाऱ्या कारागिराचे वडील ड्रेस्डेनवर बॉम्ब टाकणाऱ्या विमानदलात होते.

जवळच राजवाड्याच्या बाहेरच्या भिंतीवर सुमारे शंभर मीटर लांबीची राजांची मिरवणूक आहे, पोर्सिलिनच्या २३,००० च्या आसपास फरशांची. ती त्या आगीतून जवळपास जशीच्या तशी वाचली. फुकट बघता येते, रात्रीही.

लाइपझिग: ऐकण्याचं शहर

लाइपझिगला राजवाडा नाही. ते जत्रांचं, व्यापाऱ्यांचं, छापखान्यांचं आणि १४०९ पासून विद्यापीठाचं शहर. फक्त इमारती बघत फिरणाऱ्याची ड्रेस्डेननंतर इथे निराशा होते. रेल्वे स्टेशन भव्य आहे, जुन्या इमारतींच्या पोटातून जाणारे दुकानांचे बोळ सुरेख आहेत, पण डोळे दिपावेत असं काही नाही.

इथे जायचं ते थॉमस चर्चसाठी. योहान सेबास्टियन बाख १७२३ पासून १७५० मध्ये मृत्यू येईपर्यंत इथे संगीतप्रमुख होता. शाळेच्या मुलांना गाणं शिकवायचं, शहरातल्या मुख्य चर्चमधलं संगीत सांभाळायचं, आणि पहिल्या काही वर्षांत तर जवळजवळ दर रविवारी नवी रचना उभी करायची, असं ते कष्टाचं काम होतं. आज चर्चच्या आत त्याच्या नावाची साधी कबर आहे आणि तिच्यावर कुणी ना कुणी फुलं ठेवलेली असतात.

कबर कुठल्याही दिवशी बघता येते. पण शुक्रवारी संध्याकाळी सहाला आणि शनिवारी दुपारी तीनला या चर्चमध्ये ‘मोटेटे’ नावाची संगीतमय प्रार्थना होते. १२१२ मध्ये सुरू झालेला इथला मुलांचा गायकवृंद तेव्हा गातो, आणि शनिवारी बहुधा बाखची एखादी कँटाटा, म्हणजे गायक आणि वाद्यांसाठीची मोठी रचना, वाद्यवृंदासह होते. कार्यक्रमपत्रिका घ्यायची, तिची किंमत अगदी थोडी, तेच तिकीट. जागा राखून ठेवलेली नसते, त्यामुळे पाऊण तास आधी पोचा. शाळांना सुट्टी असली की ही मुलं नसतात, त्यांच्या जागी पाहुणे गायक येतात, म्हणून तारीख आधी तपासा. गायक बहुतेक वेळा मागच्या सज्जात असतात, दिसत नाहीत. स्वर पाठीमागून आणि वरून येतो. पाश्चात्त्य संगीताची काहीही ओळख नसलेल्या माणसालाही तो तास पुरून उरतो, आणि हे संगीत ज्या जागेसाठी लिहिलं गेलं त्याच जागेत ऐकण्याची संधी जगात फार कमी ठिकाणी मिळते.

बाहेर मेंडेल्सनचा पुतळा आहे. बाखला विस्मृतीतून वर काढणाऱ्यांत हा संगीतकार आघाडीवर होता. १८३५ पासून तो इथल्या गेवांडहाउस वाद्यवृंदाचा प्रमुख होता. जन्मानं ज्यू म्हणून नाझींनी १९३६ मध्ये त्याचा पुतळा पाडला. आताचा पुतळा २००८ मधला. त्याचं राहतं घर संग्रहालय आहे आणि तिथल्या एका खोलीत आपल्याला छडी हातात घेऊन वाद्यवृंद चालवता येतो. मुलं तिथून हलत नाहीत.

दुसरी जागा निकोलाय चर्च. १९८२ पासून इथे दर सोमवारी संध्याकाळी पाचला शांततेसाठी प्रार्थना होत आली. ९ ऑक्टोबर १९८९ च्या सोमवारी प्रार्थना संपल्यावर ७०,००० च्या आसपास माणसं पूर्व जर्मनीच्या राजवटीविरुद्ध मेणबत्त्या घेऊन शहराच्या वर्तुळाकार रस्त्यावरून चालली. सशस्त्र पोलीस तयार उभे होते. गोळी सुटली नाही. बरोबर एका महिन्यानं बर्लिनची भिंत पडली. सोमवारची प्रार्थना आजही त्याच वेळी होते. जवळच ‘रुंडे एके’ या इमारतीत गुप्त पोलिसांचं जिल्हा कार्यालय होतं, तिथे आता संग्रहालय आहे. तिथली खरी फाइल-कपाटं आणि वेषांतराचं सामान बघितलं की मेणबत्ती घेऊन रस्त्यावर उतरायला काय धैर्य लागलं असेल ते कळतं. भिंतीचा इतिहास बर्लिनमध्ये गर्दीत बघण्यापेक्षा मला इथे जास्त जवळून भेटला.

पुण्यामुंबईच्या माक्सम्युलर भवनात जर्मन शिकलेल्यांसाठी आणखी एक धागा: ज्याच्या नावानं ते भवन आहे तो माक्स म्युलर संस्कृत शिकला ते लाइपझिग विद्यापीठातच. १८४३ मध्ये त्याला इथे डॉक्टरेट मिळाली.

नेपोलियनच्या पराभवाचं ९१ मीटर उंच स्मारक शहराच्या मध्यभागापासून दूर आहे. वेळ उरला तरच जा.

कुणी कुठे जावं

आईवडील बरोबर असतील तर ड्रेस्डेन. मुख्य ठिकाणं एकमेकांपासून चालत काही मिनिटांवर आहेत, थकवा आला की एल्ब नदीकाठी बसता येतं किंवा जुन्या वाफेच्या बोटीतून फिरता येतं. दुसऱ्या दिवशी लोकल गाडीनं राटेनला जाऊन बास्टाइचे उंच सुळके आणि १८५१ चा दगडी पूल बघता येतो, मात्र तिथे चढण आहे, गुडघे सांभाळा. प्रागहून येणाऱ्यांनाही ड्रेस्डेन वाटेवरच पडतं. बर्लिनहून म्युनिककडे जाणाऱ्यांना लाइपझिग सोयीचं.

जर्मनीत शिकायला किंवा नोकरीला असलेल्यांना मी आधी लाइपझिग सुचवेन. तुमच्याकडे डॉइचलांडटिकेट हा मासिक पास असेल तर साध्या प्रादेशिक गाड्यांनी जाऊन शनिवारचं मोटेटे ऐकून त्याच रात्री परतही येता येतं. तिथल्या स्पिनेराय या जुन्या सूतगिरणीत चित्रकारांचे स्टुडिओ आणि गॅलऱ्या आहेत, तरुणांना ते शहर राजवाड्यांपेक्षा जवळचं वाटतं. डिसेंबरात मात्र वार विसरा आणि ड्रेस्डेन गाठा: तिथला नाताळबाजार १४३४ पासूनचा आहे.

शाकाहारी असाल तर एक सूचना. ‘लाइपझिगर आलरलाय’ हे भाज्यांचं पदार्थनाम ऐकून लगेच मागवू नका, पारंपरिक कृतीत गोड्या पाण्यातल्या कोळंबीसारख्या खेकड्यांचं मांस असतं. बटाट्याचं सूप मागवतानाही सॉसेज नको हे आधी सांगा. ‘क्वार्ककॉइलशन’ हे बटाटा आणि चक्क्यासारख्या क्वार्कचे गोड वडे दोन्ही शहरांत मिळतात, अंडं चालत असेल तर जरूर खा.

आणि तिकिटं काढण्याआधी सुट्टीचे वार बघा. ड्रेस्डेनचा राजवाडा, म्हणजे दोन्ही ग्रीन व्हॉल्ट, मंगळवारी बंद. त्स्विंगरमधली चित्रं आणि पोर्सिलिन सोमवारी बंद. मंगळवार-बुधवारचा मुक्काम असेल तर मंगळवारी त्स्विंगर, बुधवारी राजवाडा.