बदलापूरहून मुंबईत नाटक आणि बाहेरचं जेवण : वापरानंतरचा अनुभव

बदलापूर, अंबरनाथ, टिटवाळा, नेरळ या पट्ट्यात राहणाऱ्यांनी मुंबईत नाटक बघायचं असेल तर प्रयोग दुपारी चारचा घ्यावा. जेवण नाटक सुटल्यावर करावं आणि तेही नाट्यगृहापासून पायी जाता येईल अशाच ठिकाणी. बाकी सगळं यावरून आपोआप ठरत जातं. आम्ही दोघं, आणि तब्येत बरी असेल तेव्हा सासूबाई, असे जवळपास वर्षभर महिन्याचा एखादा शनिवार किंवा रविवार असा घालवतोय. त्याआधी सुट्टी म्हणजे मॉल, मल्टिप्लेक्स आणि फूड कोर्ट. घरी परतल्यावर दोन दिवसांनी काय बघितलं ते आठवत नसे. नाटकाचं तसं होत नाही, आठवडाभर घरात त्यावर बोलणं चालू राहतं. म्हणून हा अनुभव सविस्तर लिहितेय.

चारचाच प्रयोग का, ते सांगते. व्यावसायिक नाटक मध्यंतर धरून सव्वादोन-अडीच तासांचं असतं. रात्री साडेआठचा प्रयोग अकराच्या आसपास सुटतो. त्या वेळी दादरमधली चांगली मराठी खाणावळ उघडी मिळाली तरी आत खुर्च्या उलट्या टाकायला सुरुवात झालेली असते. वर कर्जत लोकलचं टेन्शन. शेवटच्या अंकात नवरा दर पाच मिनिटांनी घड्याळ बघत असेल तर त्या नाटकाचं काय होणार? आधी जेवून रात्रीच्या प्रयोगाला बसलं तर पहिल्या अंकात डोळे जड होतात. चारचं नाटक साधारण साडेसहा-पावणेसातला सुटतं. बाहेर अजून उजेड किंवा नुकती दिवेलागण, सातला टेबल मिळतं आणि साडेआठच्या सुमारास फलाटावर. रात्री दहा-सव्वादहाला घरी.

एक अडचण आहे ती रविवारच्या मेगाब्लॉकची, म्हणजे दुरुस्तीसाठी काही तास रेल्वेमार्ग बंद ठेवतात त्याची. मध्य रेल्वेचा ब्लॉक साधारण अकरा ते चार, म्हणजे नेमका आपल्या जाण्याच्या वेळेत. बऱ्याचदा तो माटुंगा ते मुलुंड असतो आणि धीम्या गाड्या जलद मार्गावरून वळवतात. गाड्या उशिरा धावतात आणि आधीच्या गाडीची गर्दीही आपल्याच डब्यात येते. तिसरी घंटा कोणासाठी थांबत नाही, त्यामुळे आम्ही शक्यतो शनिवार धरतो. रविवारच मिळाला तर सकाळी दहाच्या आत निघतो आणि दुपारचं जेवण मुंबईतच घेतो. ब्लॉक कुठे आहे ते आदल्या दिवशी जाहीर होतं, ते बघितल्याशिवाय तिकीट काढू नये.

आता शिवाजी मंदिर. दादरला, प्लाझा सिनेमासमोर, खाली दुकानं आणि वर नाट्यगृह. १९६५ सालापासून उभी असलेली ही वास्तू मराठी नाटकवाल्यांचं घर आहे आणि आत पाऊल ठेवल्यावर ते जाणवतं. तिकिटं ऑनलाइन मिळतात, आम्हीही घाईत असलो की तशीच काढतो. तरी दादरला काही काम निघालं तर मी मुद्दाम खिडकीवर जाऊन काढते, कारण खिडकीवर प्लॅन बघायला मिळतो. काचेपलीकडे रांगांचा तक्ता पसरलेला असतो, गेलेल्या खुर्च्यांवर फुल्या, आणि आपण बोट दाखवून सांगायचं की ही नको, ती द्या. बुकिंगवाले काका विचारतात, "आजी आहेत का सोबत? मग कडेची घ्या, उठाबशी कमी." हे ॲप सांगत नाही. पहिल्या दोन-तीन रांगांचा हट्ट सोडावा असं माझं स्पष्ट मत आहे. तिथून मान वर करून बघावं लागतं आणि नेपथ्य अख्खं दिसत नाही. सहावी ते दहावी रांग, मधल्या खुर्च्या, हे सगळ्यात छान. चेहऱ्यावरची रेष न् रेष दिसते आणि रंगमंचाची चौकटही पूर्ण डोळ्यांत मावते. बाल्कनी स्वस्त पडते, पण विनोदी नाटक असेल तरच घ्या.

तिकिटाच्या दराची गोष्ट बऱ्याच जणांना ठाऊक नसते. नाटकाचं तिकीट पाचशे रुपयांपर्यंत असेल तर त्यावर जीएसटी लागत नाही. त्यामुळे बहुतेक नाटकांचा पहिला दर पाचशेवर थांबलेला असतो, मग चारशे, तीनशे असे उतरते दर. ऑनलाइन काढलं की वर सुविधा शुल्क पडतं, खिडकीवर ते वाचतं. जिवंत माणसं अडीच तास आपल्यासमोर घाम गाळतात आणि त्याचे चारशे रुपये. शनिवारी मल्टिप्लेक्सला तिकीट आणि पॉपकॉर्न मिळून यापेक्षा जास्त जातात. नाटक महाग झालं म्हणणाऱ्यांनी हा हिशेब एकदा करून बघावा.

मध्यंतरातला बटाटेवडा मात्र खायचाच. शिवाजी मंदिरचा वडा हा नाटकाचाच भाग आहे असं मी मानते. गरम, कव्हर पातळ, आत लसूण-मिरचीचा ठेचा जाणवणारा. पडदा पडल्याबरोबर उठायचं, दोन मिनिटं उशीर झाला की रांग दारापर्यंत जाते. एकच खायचा, कारण नंतर जेवायचं आहे.

शिवाजी मंदिरातून बाहेर पडलं की शिवसेना भवनाच्या दिशेने पायी दहा मिनिटांच्या आत हवं ते मिळतं. शाकाहारी असाल तर 'आस्वाद' आणि 'प्रकाश' हे दोन जुने आधार. 'आस्वाद'च्या मिसळीला २०१५ साली परदेशातलं बक्षीस मिळालं आणि तेव्हापासून सगळे मिसळच मागवतात. मला विचाराल तर तिथलं थालीपीठ लोण्याच्या गोळ्यासकट मागवा. कडा खुसखुशीत आणि मध्ये मऊ, भाजणीचा वास टेबलावर येण्याआधी येतो. 'प्रकाश'मध्ये साबुदाणा वडा आणि शेवटी पीयूष, म्हणजे श्रीखंडासारखं गोड पेय. वडा फोडला की आतून वाफ निघते आणि साबुदाणा अजिबात चिकट लागत नाही. घरी मला हे आजवर जमलेलं नाही. तिथे अनोळखी माणसांबरोबर टेबल वाटून घ्यावं लागतं. सासूबाईंना ते आवडतं, समोरची बाईही शिवाजी मंदिरातूनच आलेली निघते आणि नाटकावर गप्पा सुरू होतात. नवऱ्याला मासे लागतात, त्याच्यासाठी त्याच भागात 'सिंधुदुर्ग' आणि इतर मालवणी खाणावळी आहेत. बोंबील फ्राय आधी, मग थाळी, सोलकढी दोनदा. सुरमईची तुकडी कधी जाड तर कधी पातळ येते, ऑर्डर देताना विचारलं तर वेटर खरं सांगतात.

दुसरी जोडी माझी सगळ्यात आवडती : यशवंत नाट्य मंदिर आणि माटुंग्याचं केळीच्या पानावरचं जेवण. यशवंत नाट्य मंदिर पश्चिमेला, माटुंगा रोड स्टेशनच्या बाजूला. उडुपी मंडळींची खानावळ पूर्वेला, मध्य रेल्वेच्या माटुंगा स्टेशनला लागून. दोन्ही बाजू जोडणारा झेड ब्रिज पायी ओलांडायचा. नाटक सुटल्यावर तो पूल चालताना जे बोलणं होतं ते टॅक्सीत होत नाही. कोणाचं काम आवडलं, दुसरा अंक कुठे सैल पडला, लेखकाने शेवट असा का केला, हे सगळं पुलावरच बोलून होतं. उतरलात की भाजी आणि फुलांचा बाजार लागतो.

'रामा नायक' यांची श्रीकृष्ण बोर्डिंग १९४२ सालची. वर जिना चढून जायचं, कूपन घ्यायचं आणि नंबर लागेपर्यंत थांबायचं. रविवारी रांग असते, पण ती हलते. पान धुऊन पुढ्यात येतं, मग वाढपी एकामागून एक. भाजी, कोशिंबीर, पापड, पुरी किंवा पोळी, भाताचा ढीग, सांबार, रसम, ताक. रसम भातावर घेण्याआधी वाटीत घेऊन नुसतं प्या. मिरी आणि चिंच यांचं प्रमाण असं जमलेलं असतं की घशातून उतरताना नाटकगृहाच्या एसीने धरलेलं नाक मोकळं होतं. हवं तेवढं वाढतात, पण पानात टाकलेलं तिथे कोणाला आवडत नाही आणि ते योग्यच आहे. सोमवारी बंद असतं. संध्याकाळी सातच्या सुमारास पंगती सुरू होतात, म्हणजे चारच्या प्रयोगाला अगदी साजेशी वेळ. एवढी भूक नसेल तर 'राम आश्रय' आणि 'कॅफे मद्रास' हाकेच्या अंतरावर आहेत. एक १९३९चं, दुसरं १९४०चं. दोन्हीकडे रांग असते आणि दोन्हीकडची फिल्टर कॉफी थांबण्याच्या लायकीची आहे. परतताना लक्षात ठेवा, माटुंग्याला फास्ट लोकल थांबत नाही. आम्ही एक स्टेशन मागे दादरला येऊन बदलापूर लोकल पकडतो.

प्रभादेवीचं रवींद्र नाट्य मंदिर दुरुस्तीनंतर २०२५च्या फेब्रुवारीत पुन्हा उघडलं. मेट्रो ३चं सिद्धिविनायक स्टेशन जवळ असल्याने दादरहून जाणं आता सोपं झालंय. पार्ल्याचं दीनानाथ नाट्यगृह आमच्यासाठी दादरला गाडी बदलण्याचा व्याप आहे, एखादं नाटक दुसरीकडे मिळतच नसेल तरच जातो. गिरगावच्या साहित्य संघात संगीत नाटक बघायचा योग आला तर सोडू नका आणि आधी 'पणशीकरां'कडे काहीतरी खाऊन घ्या. जुहूचं पृथ्वी थिएटर सुंदर आहे, पण बदलापूरहून तिथे पोचेपर्यंत अर्धी ताकद संपते.

तक्रारीही आहेत. मुंबईतल्या एका नाट्यगृहात मध्यंतरात बायकांच्या स्वच्छतागृहाची जी अवस्था असते ती मला अजिबात मान्य नाही. पाणी नसतं, कडी लागत नाही, रांग जिन्यापर्यंत. प्रेक्षकांत निम्म्याहून जास्त बायका असताना हे वर्षानुवर्षं तसंच कसं राहतं? मी लेखी तक्रार दिली आहे आणि इतर बायकांनीही द्यावी असं मनापासून वाटतं. दुसरी गोष्ट मोबाइलची. घोषणा होते, तरी कोणाचा तरी वाजतोच, आणि शांत प्रसंगात वाजला की समोरच्या कलावंताच्या चेहऱ्यावर क्षणभर जे उमटतं ते बघवत नाही. फोन घरच्यांपैकी एकाच्या पिशवीत बंद करून ठेवावेत, आम्ही तेच करतो.

आणि सर्व्हिस चार्ज. लग्नाच्या वाढदिवसाला आम्ही नेहमीची जागा सोडून मध्य मुंबईतल्या एका झगमगीत रेस्टॉरंटमध्ये गेलो. तिथे न विचारता दहा टक्के सर्व्हिस चार्ज बिलात लावला होता. केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरणाने ४ जुलै २०२२ रोजी मार्गदर्शक सूचना काढल्या आहेत : हा आकार बिलात आपोआप लावता येत नाही, देणं न देणं ग्राहकाच्या मर्जीवर. दिल्ली उच्च न्यायालयाने मार्च २०२५ मध्ये त्या कायम ठेवल्या. मी मॅनेजरला शांतपणे एवढंच सांगितलं आणि बिल बदलून मिळालं. ऐकलं नाही तर १९१५ हा ग्राहक हेल्पलाइनचा नंबर आहे. जीएसटी वेगळा, साध्या रेस्टॉरंटमध्ये तो पाच टक्के असतो आणि तो द्यायचाच. वाढप्याला मी टीप हातात देते. माटुंग्याला आणि दादरला असल्या भानगडी कधी वाट्याला आल्या नाहीत. नाटक, वडा, जेवण आणि लोकल मिळून आमचा दोघांचा खर्च साधारण दीड हजाराच्या आसपास राहतो, मासे असतील तर त्याच्या वर.

सासूबाईंना घेऊन जाताना जिन्यांचा विचार आधी करावा लागतो. लिफ्ट आहे का आणि ती चालू आहे का, हे नाट्यगृहात फोन करूनच विचारा. दादर स्टेशनवर पूल चढण्याऐवजी सरकता जिना कुठल्या टोकाला आहे ते बघून त्याप्रमाणे डबा निवडतो. गुडघे दुखत असतील त्या दिवशी पश्चिमेला उतरल्याबरोबर टॅक्सी, मग अंतर कितीही कमी असो.

पावसाळ्यात हा सगळा बेत बदलतो. १ जून ते ३१ जुलै मासेमारी बंदी, त्यामुळे खाणावळीत ताजा पापलेट-सुरमई मिळण्याची आशा धरू नये, त्या दिवसांत सुकट आणि सुका बांगडा मागवावा. कुर्ला-शीवला पाणी भरलं की लोकल कधी थांबेल याचा नेम नाही. म्हणून जून ते ऑगस्ट आम्ही दादरचा नाद सोडून ठाण्यातच थांबतो. गडकरी रंगायतन नूतनीकरण होऊन ऑगस्ट २०२५ मध्ये पुन्हा सुरू झालंय, समोर तलावपाळी आणि स्टेशनपासून पायी अंतर. मामलेदारची मिसळ तिथून जवळ आहे, फक्त ती नाटकाच्या आधी खाऊ नका. तिखट सांगितली असेल तर पहिला अंक पाणी पिण्यातच जातो.