३.२१ वरून ४.८८: जीपचा दम परत आला

माझी २०१३ ची रँग्लर सहारा, चार दारांची, ऑटोमॅटिक. गाडी अडीच इंच उंच करणारी लिफ्ट आणि ३५ इंची टायर टाकले, फोटो काढले, कराडला मामाला पाठवले. मामाने आयुष्यभर उसाचे ट्रक दुरुस्त केलेत. त्याचा एकच प्रश्न आला: "क्राऊन-पिनियन बदललास का गं?" म्हणजे इंजिनाचा फेर चाकांकडे वळवणारी, ॲक्सलमधली दातेरी चाकांची जोडी. नव्हती बदलली. वर्षभर भोगलं.

मी राहते ते अमेरिकेतलं डेन्व्हर मुळातच मैलभर उंचीवर. तिथून आय-७० हायवेने आयझेनहॉवर बोगद्याकडे, म्हणजे ११ हजार फुटांवर चढताना बिनटर्बोच्या इंजिनाचा दम साधारण एक तृतीयांश कमी झालेला असतो. त्यात कंपनीचा ३.२१ रेशो, म्हणजे चाक एकदा फिरायला पिनियन ३.२१ वेळा फिरतो; आकडा मोठा तितका ओढ जास्त. ३२ इंची टायरच्या जागी ३५ इंची आले, की तो २.९३ असल्यासारखा वागतो. सपाट रस्त्यावरही पाचवा गिअर टिकेना. जॉर्जटाऊनच्या पुढे तर दुसरा-तिसरा, दुसरा-तिसरा अशी नुसती कुतरओढ.

गॅरेजवाला ४.५६ म्हणत होता, मी ४.८८ वर अडून बसले. नुसता जुना हिशोब जुळवायला ३.५१ पुरला असता, पण टायरचं वजन आणि इथली विरळ हवा त्यात धरलेली नसते. फोर-व्हील असल्यामुळे पुढचा ॲक्सल (डॅना ३०) आणि मागचा (डॅना ४४), दोन्हींतल्या जोड्या एकदमच बदलाव्या लागतात. रिंग, म्हणजे क्राऊन, ज्यावर बसते तो कॅरिअर ३.२१ चा असेल तर त्यावर ४.८८ ची बसत नाही, म्हणून कॅरिअरही नवे. बेअरिंग, सील, मजुरी धरून २,६५० डॉलर. लिफ्टपेक्षा जास्त, आणि बाहेरून काही म्हणजे काही दिसत नाही!

बाकावर दोन्ही पिनियन शेजारी ठेवलेले पाहिले. जुना १४ दातांचा, डोकं पेरूएवढं. नवा ८ दातांचा, लिंबाएवढा. मग गॅरेजवाल्याने रिंगच्या दातांना हळदीसारखी पिवळी पेस्ट फासली, हाताने गरगर फिरवली आणि पिनियनचे दात जिथे टेकतात तिथला डाग दाखवला. डाग दाताच्या मधोमध नव्हता. पुन्हा सगळं उघडून पिनियनखालची शिम (पातळ चकती) बदलली, पुन्हा पेस्ट. तिसऱ्या खेपेला डाग मधोमध आला. मजुरीचे पैसे असतात ते ह्याचे. काम घ्याल तिथे ह्या डागाचा फोटो मागा. देणार नाही म्हणाला तर दुसरं गॅरेज बघा.

फरक? सिग्नलवरून निघताना जीप आता खरोखर निघते. चढावर वेग फारसा वाढलेला नाही, हे आधीच सांगते. इंजिन तेच आहे. पण जे काम आधी दुसऱ्या गिअरचं होतं ते आता तिसरा करतो, तिथेच टिकून राहतो, आणि चौथा-पाचवा वापरात आलेत. ताशी ६५ मैलांना पाचव्यात आधी १,६०० च्या आसपास असणारे आरपीएम आता अडीच हजार. ७५ ला जवळजवळ २,९००, आवाज जाणवतो. रोज सपाट हायवेवर फिरणाऱ्याने ४.५६ वर थांबावं. ॲव्हरेज शहरात किंचित सुधारलं, हायवेवर होतं तिथेच.

आता तक्रार. स्पीडोमीटरचं कॅलिब्रेशन करून देतो म्हणाले आणि विसरले. घरी जाताना काटा ६० दाखवत होता आणि फोनचा जीपीएस चाळिशीच्या आत. परत गेले, दहा मिनिटांत झालं, पण 'सॉरी' कुणी म्हटलं नाही. आठवड्याने मागच्या पिनियन सीलमधून तेल पाझरलं. सील फुकट बदललं, माझी अर्ध्या दिवसाची रजा मात्र गेली.

पहिले काही दिवस वीस मिनिटं चालवून गाडी पूर्ण थंड होऊ द्यायची, ५०० मैलांपर्यंत ट्रेलर ओढायचा नाही, मग तेल बदलायचं, एवढं मात्र त्यांनी लिहून दिलं होतं. ५०० मैलांनी मीच तेल काढलं. प्लगच्या चुंबकाला राखाडी, लोण्यासारखा थर होता. मामाला व्हिडिओ कॉलवर दाखवला. "बोटाला खडा लागतो का?" नाही म्हटलं. "मग पूस आणि लाव."

पाचपैकी चार तारे. एक त्या रजेपायी कापला.