जुनी स्विफ्ट आणि घरचे पाने: वर्षभराच्या वापरानंतर

मजुरी वाचवायची म्हणून कोणी गाडीची हत्यारं विकत घेणार असेल, तर घेऊ नका. ठाण्यात मजुरी स्वस्त आहे. वागळे इस्टेटमध्ये पुढचे ब्रेक पॅड बदलायला तीन-चारशे रुपये घेतात, आणि मिस्त्रींचं काम माझा जॅक लावून होईपर्यंत उरकलेलं असतं. मी हत्यारांवर बारा हजारांच्या आसपास खर्च केला. नुसत्या मजुरीत ते वसूल व्हायला गाडीला आणखी बरीच वर्षं पळावं लागेल. माझे पैसे वाचले ते वेगळ्याच ठिकाणी: जे पार्ट बदलायची गरजच नव्हती, ते मी बदलले नाहीत.

गाडी २०१३ च्या अखेरची, स्विफ्ट व्हीएक्सआय पेट्रोल, एमएच-०४. राहायला ढोकाळी, ऑफिस ऐरोली. म्हणजे रोज कापूरबावडी, माजिवडा, कळवा, आणि पावसाळ्यात विटाव्याच्या पुलाखालचं पाणी. शनिवार-रविवारी घोडबंदर रोड. गाडीच्या खालच्या अंगाला काय काय सोसावं लागतं ते इकडच्यांना सांगायला नको. विकायला काढली तर मिळणारे पैसे नव्या गाडीच्या डाउन पेमेंटलाही पुरत नाहीत. दहा वर्षांची डिझेल आणि पंधरा वर्षांची पेट्रोल गाडी बंद, हा नियम निघाला तो दिल्ली परिसरासाठी, आपल्याकडे तो लागू नाही. इथे पंधरा वर्षांनी आरटीओत गाडी दाखवून पाच वर्षांसाठी नोंदणी वाढवून मिळते. त्याची फी १ एप्रिल २०२२ पासून ६०० वरून ५,००० रुपये झाली, तरी नव्या गाडीच्या एका हप्त्यापेक्षा ती कमीच. तेव्हा गाडी ठेवायची हे ठरलेलं होतं.

मग गॅरेजचं एस्टिमेट आलं. गॅरेजचं नाव लिहीत नाही, असं एस्टिमेट कुठेही मिळतं. पुढचे दोन्ही शॉक ॲब्सॉर्बर, चारही इग्निशन कॉइल (प्लगला ठिणगीसाठी वीज देणाऱ्या), इंजेक्टर क्लीनिंग, अल्टरनेटर (चालू गाडीत बॅटरी चार्ज करणारा) 'खोलून बघावा लागेल'. बेरीज चाळीस हजारांच्या घरात. तक्रारी तीनच होत्या: इंजिन मध्येच थरथरतं, पुढून खडखड येते, सकाळी स्टार्टर रडतो.

पहिली खरेदी गाडीने नोंदवलेले बिघाडाचे कोड वाचणाऱ्या ब्लूटूथ स्कॅनरची, आणि आजही सगळ्यात जास्त गुण मी त्यालाच देईन. स्टिअरिंगच्या खाली डॅशबोर्डला एक सोळा पिनांचं सॉकेट असतं, त्यात हा खोचायचा आणि मोबाईलवर ॲप उघडायचं. आपल्याकडे एप्रिल २०१३ पासून ओबीडी-२ (गाडीने स्वतःचे बिघाड नोंदवायची ठरलेली पद्धत) सक्तीचं झालं, त्यामुळे त्यानंतरच्या गाड्यांना अडचण येत नाही. त्याआधीची गाडी असेल तर एखाद्या मित्राचा स्कॅनर लावून बघा, जुळला तरच घ्या. बाजारात ईएलएम ३२७ या मूळ चिपच्या नावाने मिळणारे स्कॅनर बहुतेक नकलाच आहेत आणि त्यातही '२.१' छापलेले पुष्कळदा अर्धवट असतात, निम्म्या आज्ञा त्यांना कळतच नाहीत. माझा थोडा महाग होता, हजाराच्या पुढे, पण अजून एकदाही दगा दिलेला नाही. काम झालं की काढून ठेवायचा. खोचून ठेवला तर बंद गाडीतही बॅटरी खात राहतो.

कोड आला पी ०३०२. शेवटचा आकडा सिलिंडरचा: दुसऱ्या सिलिंडरमध्ये मिसफायर, म्हणजे तिथलं पेट्रोल नीट पेटत नाही. एवढं कळल्यावर चार कॉइलचा विषय तिथेच संपायला हवा, पण दोष कॉइलचा, प्लगचा की इंजेक्टरचा हे कोड सांगत नाही. ते ठरवायला एकही पैसा लागत नाही. या इंजिनात प्रत्येक प्लगवर स्वतंत्र कॉइल बसते, एका बोल्टने धरलेली. दुसऱ्या नंबरची कॉइल काढून पहिल्यावर लावली, पहिलीची दुसऱ्यावर, कोड पुसला आणि गाडी कापूरबावडीपर्यंत नेऊन आणली. आता कोड पी ०३०१. म्हणजे बिघाड कॉइलबरोबर हलला. तो दुसऱ्याच सिलिंडरवर राहिला असता, तर प्लगची अशीच अदलाबदल करायची आणि त्यानंतरच इंजेक्टरकडे बघायचं. एक कॉइल घेतली, दीड हजारात थरथर बंद. प्लग मात्र चारही नवे टाकले, कारण ते जुने होतेच आणि इंजिन उघडलेलंच होतं. प्लग नेहमी गार इंजिनात काढायचे. बसवताना पहिले आटे हाताने फिरवायचे, पान्याने नाही. हेड ॲल्युमिनियमचं असतं, तिथले आटे गेले तर वाचवलेले सगळे पैसे व्याजासकट परत द्यावे लागतात.

एक महत्त्वाचं. चेक इंजिनचा दिवा नुसता लागून राहिला तर गॅरेज गाठायला वेळ असतो. तो उघडझाप करत असेल तर मिसफायर इतका आहे की न जळलेलं पेट्रोल धूर साफ करणाऱ्या कॅटॅलिटिक कन्व्हर्टरमध्ये जाऊन पेटतंय. तशी गाडी 'घरापर्यंत नेऊ' म्हणून चालवू नये. त्या कन्व्हर्टरच्या किमतीत चार कॉइल कधीच आल्या असत्या.

आता खडखड. ही ठाण्याची खास देणगी. गॅरेजवाल्याने बोनेट दोनदा दाबून 'शॉक गेलेत' असं जाहीर केलं होतं. मी आठवडाभर फक्त कान देऊन गाडी चालवली. सोसायटीच्या गेटवरचा स्पीडब्रेकर दोन्ही चाकं एकदम चढतात, तिथे आवाज नाही. एक चाक खड्ड्यात गेलं की, अगदी हळू असलो तरी, टक्-टक्. यामागे साधं कारण आहे. पुढच्या दोन चाकांना जोडणारा एक पिळाचा दांडा असतो, स्टॅबिलायझर बार. दोन्ही चाकं सोबत वर गेली तर त्याला पीळ बसत नाही. एकच गेलं तर बसतो. हा पीळ चाकापर्यंत पोहोचवणारी बोटभर जाडीची काडी म्हणजे लिंक रॉड, आणि तिच्या टोकाचा गोळा झिजला की नेमका असाच आवाज येतो. शॉक गेला असता तर त्याच्या अंगावर तेलाचा ओघळ दिसला असता आणि दाबून सोडलेली गाडी डोलत राहिली असती. माझी एका उसळीत स्थिर होत होती.

लिंक रॉडची जोडी बाराशेला मिळाली. नट गंजून बसलेले असतात, म्हणून आदल्या रात्रीच गंज सोडवणारा स्प्रे मारून ठेवला. नट फिरवायला गेलं की आतला गोळाही सोबत गरगरतो. त्याच्या टोकाला षटकोनी खाच असते, तिथे ॲलन की लावून धरायची आणि मग रिंग पाना फिरवायचा. दोन्ही चाकं एकदम उचललेली असतील तर काम सोपं होतं, नाहीतर बारवर ताण राहतो आणि नवा रॉड भोकात बसत नाही. सगळ्यात जास्त समाधान याच कामाने दिलं. पहिल्या खड्ड्यात गाडी मुद्दाम घातली.

तिसरी तक्रार मल्टिमीटरने मिटवली. पाचशे रुपयांचा मीटर. रात्रभर उभ्या गाडीत भरलेली बॅटरी १२.६ व्होल्टच्या आसपास दाखवते, १२ च्या जवळ आली तर रिकामी समजायची. इंजिन सुरू केल्यावर १३.८ ते १४.४ दिसलं तर अल्टरनेटर आपलं काम करतोय. माझ्याकडे चालू इंजिनवर १४.२, सकाळी बंद गाडीवर १२.१, आणि स्टार्टर मारताना आकडा नऊच्याही खाली. बॅटरी म्हातारी झाली होती, अल्टरनेटरला उगाच संशयित केलं होतं. नवी बॅटरी मात्र घरी बसवायच्या फंदात पडू नका. दुकानदार घरी येऊन बसवून देतो, जुनीचे पैसे वजा करतो, आणि ती योग्य ठिकाणी जाते.

ब्रेक पॅड मी स्वतः बदलले आणि पुन्हाही बदलेन, पण याची शिफारस सरसकट करणार नाही. काम अवघड नाही. मात्र पॅड दाबणारा पिस्टन आत ढकलण्याआधी ब्रेक ऑइलच्या डबीकडे बघावं लागतं, कारण ते वर येतं आणि सांडलं तर रंग खातं. ब्रेकची पकड ज्यांवर सरकते त्या स्लाइड पिन काढून, पुसून, ब्रेकचं ग्रीस लावायचं. बहुतेक गॅरेजमध्ये हेच राहून जातं आणि मग एकच पॅड झिजतो. सगळं झाल्यावर, गाडी इंचभरही हलवण्याआधी, पेडल कडक होईपर्यंत पंप करायचं. हे विसरणाऱ्याचा पहिला ब्रेक लागत नाही. मागचे ड्रम मिस्त्रींकडेच. आतल्या स्प्रिंगांशी झटायची मला हौस नाही.

हत्यारांबद्दल. सॉकेट सेट मध्यम दर्जाचा घेतला तरी चालतो. १०, १२, १४, १७ आणि १९ एवढ्याच मापांच्या गोट्या (सॉकेट) खऱ्या वापरल्या जातात, बाकीच्या डब्यात शोभेला. टॉर्क रेंच, म्हणजे ठरावीक जोरावर नट आवळणारा पाना, मात्र चांगला हवा. टायरच्या दुकानात हवेच्या गनने नट इतके आवळतात की रस्त्यात पंक्चर झालं तर गाडीतला पाना त्यांना हलवू शकत नाही. मी गन लावू देत नाही, हाताने बसवा म्हणतो आणि घरी येऊन मॅन्युअलमधल्या आकड्यावर आवळतो. वापरून झाल्यावर रेंच सगळ्यात खालच्या आकड्यावर सोडून ठेवायचा, नाहीतर स्प्रिंग बिघडते. उचललेली गाडी पेलून धरणाऱ्या जॅक स्टँडला पर्याय नाही. गाडीसोबत आलेला जॅक चाक बदलण्यापुरता, त्याच्या भरवशावर अंगाचा कुठलाही भाग गाडीखाली न्यायचा नाही. आमच्या स्टिल्ट पार्किंगमध्ये पेव्हर ब्लॉक खचलेले आहेत, म्हणून स्टँडखाली जाड प्लायवुडचे तुकडे ठेवतो.

आणि हेडलाइट पॉलिशचं किट: पाचपैकी दोन. आधी वॉटर पेपर (बारीक सँडपेपर), मग पॉलिश. काच, म्हणजे खरं तर पॉलिकार्बोनेट, पहिल्या दिवशी शोरूममधून आल्यासारखी दिसते. पण घासताना मूळचा यूव्ही थर निघून जातो आणि किटमधला थर पातळ असतो. पावसाळा सरता सरता पिवळेपणा परत आला. टूथपेस्टने घासा म्हणणाऱ्यांनी तर या विषयावर बोलूच नये.

पार्ट कुठून घ्यायचे हा खरा अभ्यास. दुकानात 'स्विफ्टचा लिंक रॉड द्या' म्हटलं की हाती काहीही येतं. आरसीचा फोटो पाठवा, चासी नंबरवरून पार्ट नंबर काढून घ्या, आणि जुन्या पार्टवर कोरलेला नंबर जुळतोय का बघा. एक गोष्ट बऱ्याच जणांना ठाऊक नसते: कार कंपनी लिंक रॉड, दिवे, प्लग स्वतः बनवत नाही. तेच बनवणाऱ्या कारखान्याचा माल त्याच्या स्वतःच्या डब्यात बऱ्याचदा स्वस्त मिळतो. प्लग आणि फिल्टर मी तसेच घेतो. ब्रेकच्या बाबतीत मात्र कार कंपनीच्या डब्यातला, होलोग्राम आणि एमआरपीचं लेबल तपासून, बिलासकट. ऑनलाइन मागवलेला एक एअर फिल्टर चौकटीत नीट बसला नाही, कडेने बोट जाईल एवढी फट. परत घेतला त्यांनी, पण अशी फट म्हणजे धूळ थेट इंजिनात. कुर्ल्याच्या सीएसटी रोडवर जुना माल मिळतो. आरसा, दाराचं हँडल, वायपर मोटर तिथून बिनदिक्कत घ्या. माजिवड्याला रिक्षाने उडवलेला माझा डावा आरसा तिथूनच आणला, रंगही जुळला. ब्रेक, सस्पेन्शन, टायर जुन्या बाजारातून नकोच.

उंदरांनी वायपरच्या पाण्याची नळी कुरतडली तेव्हा मात्र कुठलाही पार्ट नंबर शोधला नाही. माशांच्या टाकीच्या दुकानातली तीस रुपयांची सिलिकॉन नळी आजही चालू आहे.

इंजिन ऑइल घरी बदलत नाही, याचं लोकांना आश्चर्य वाटतं. पहिलं कारण सोसायटी. पाना हातात दिसला की वॉचमन काका येऊन उभे राहतात. ''साहेब, तुमचं चालू द्या, पण ऑइल सांडलं तर सेक्रेटरी मला बोलतील.'' त्यांचं बरोबरच आहे. दुसरं कारण, निघालेलं तीन लिटर काळं तेल टाकायचं कुठे? गटारात ओतणं हा गुन्हा आहे आणि पापही. गॅरेजमध्ये त्याचं पिंप असतं. मी ऑइल आणि फिल्टर विकत घेऊन जातो, समोर उभा राहतो, मिस्त्री बदलतात, मजुरी देतो. एसीचा गॅस, क्लच आणि व्हील अलाइनमेंट यांच्याही वाटेला जात नाही. त्याला लागणारी यंत्रं माझ्याकडे नाहीत आणि पार्किंगमध्ये मावणारही नाहीत.

सध्या पुढच्या लोअर आर्मचे (चाक धरणाऱ्या खालच्या दांड्याचे) रबरी बुश चिरलेत. टॉमी (लोखंडी पहार) घालून हलवलं की रबर उघडं पडतं, शंकेला जागा नाही. नुसते बुश बदलायला प्रेस लागते, म्हणून काम मिस्त्रींकडे. त्यांनी पूर्ण आर्मच बदला असं सुचवलंय, बॉल जॉइंटही नवा मिळेल म्हणून. तो मी जॅकवर हलवून बघितला, त्यात अजून खेळ नाही. बुशच टाकणार आहे. पावसाआधीची वेळ घेतलीय आणि काढलेले जुने बुश मला दाखवा, एवढं आधीच सांगून ठेवलंय.